मंडळी जमते तेव्हा

[दृश्य : पहाट. कडुनिंबाचे झाड. फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. हातोडीचा पहिला ठोका.]

अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंत आपण ज्याला अहमदनगर म्हणत आलो, त्या जिल्ह्यातील एका लहान गावात रविवार असा उजाडतो. कडुनिंबाच्या फांदीला तारेने बांधलेला रेल्वेच्या रुळाचा हा तुकडा इथल्या चर्चची घंटा आहे. पहिल्या घंटेला घरोघरी अंघोळी उरकतात, दुसऱ्या घंटेला माणसे वाटेला लागतात आणि तिसरी घंटा होईपर्यंत आत सतरंज्या अंथरून झालेल्या असतात. पत्र्याचे छप्पर, चुन्याच्या भिंती, समोर एक लाकडी मेज आणि त्यावर पांढरे कापड, एवढेच हे चर्च आहे.

[दृश्य : सतरंजी झटकणाऱ्या दोन स्त्रिया. उन्हाच्या तिरिपीत उडालेली धूळ.]

या गावातील तरुण मुले नोकरीसाठी पुण्याला आणि चाकणला गेली आहेत. रविवारी सुट्टी मिळेलच असे नसते आणि मिळाली तरी प्रवचन मोबाइलवर ऐकता येते. त्यांच्यापैकी काहींनी आम्हाला सरळ विचारले की प्रार्थना खोलीतही होते, शास्त्र, म्हणजे बायबल, खोलीतही वाचता येते, मग ख्रिस्ती माणसाच्या विश्वासाला चर्चची गरज आहे का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि ‘देवाचे भय राहिले नाही’ असे म्हणून झटकून टाकण्यासारखाही नाही, कारण तो विचारणाऱ्यांच्या बाजूने खुद्द शास्त्र बोलते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की प्रार्थना करायची असेल तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी, म्हणजे यहुद्यांपासून वेगळी उपासना करणाऱ्या समाजातील, स्त्री त्याला विचारते की उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत, आणि तो उत्तर देतो की खरे उपासक आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करतील. ज्या विश्वासाच्या मुळाशीच जागेचे बंधन सैल केलेले आहे, त्या विश्वासात एका इमारतीची सक्ती कशी बसणार?

तरीही त्याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दोघे किंवा तिघे जिथे माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे, असे वचन आहे; आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक पहिल्याच शतकात आपल्या वाचकांना बजावतो की कित्येकांची एकत्र येणे सोडण्याची रीत झाली आहे, ती तुम्ही धरू नका. म्हणजे चर्चला न येणाऱ्यांची चिंता मोबाइलच्या फार आधीची आहे. त्या काळी चर्च नावाची इमारतच नव्हती. फिलेमोनाला लिहिलेल्या चिमुकल्या पत्रात प्रेषित पौल ‘तुझ्या घरी जमणाऱ्या मंडळीला’ सलाम सांगतो.

मंडळी हा शब्द मराठी शास्त्राने फार विचारपूर्वक निवडला आहे, असे आम्हाला वाटते. इतर भाषांत इमारतीला आणि माणसांना बहुधा एकच नाव पडले. मराठीत मात्र इमारत चर्च झाली आणि माणसे मंडळी राहिली. ‘मंडळी, पंगतीला बसा’ असे म्हणताना जी माणसे डोळ्यांसमोर येतात, तीच इथे अभिप्रेत आहेत. मग प्रश्नही दोन होतात. चर्चशिवाय विश्वास टिकेल का, हा एक. आणि मंडळीशिवाय टिकेल का, हा दुसरा.

[दृश्य : पेटीचा भाता. ढोलकीवर थाप. टाळ वाजवणारे वृद्ध हात.]

हे भजन ऐकताना डोळे मिटले, तर आपण एखाद्या विठ्ठलमंदिराच्या ओट्यावर बसलो आहोत असे वाटेल. तो भास आपोआप झालेला नाही, त्यामागे एका माणसाची तळमळ आहे. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा उत्तरार्ध, दिला, त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा जलविधी, झाला. पुढे नगर हे त्यांचे घर झाले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून इथे काम उभे केले होते, शाळा होत्या, चर्च होते, पण उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या कितीतरी गीतांच्या चाली समुद्रापलीकडून आल्या होत्या. टिळकांनी या उपासनेला अभंग आणि ओवी दिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते उघडपणे सांगत. आज हे वृद्ध गृहस्थ ज्या सहजतेने टाळ धरतात, तिच्यामागे ती पायवाट आहे.

याच टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडले, भगवी वस्त्रे धारण केली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे बंधुभावाने एकत्र येऊ शकतील, अशी त्यांची कल्पना होती. समाजाच्या किंवा घरच्या धाकाने ज्यांना चर्चचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, पण ज्यांनी मनोमन येशूला गुरू मानले होते, त्यांच्यासाठी त्यांना दार उघडायचे होते. चर्च परक्यांच्या पैशावर आणि परक्यांच्या रीतीवर चालते याचे त्यांना दुःख होते; चर्चचे शत्रू ते कधीच नव्हते. जे आज म्हणतात की आम्हाला येशू हवा पण चर्च नको, ते टिळकांचे नाव घेऊ शकतात आणि घेतातही. पण इथे क्षणभर थांबून पाहावे. प्रस्थापित चौकटीतून बाहेर पडल्यावर या माणसाने पहिली गोष्ट कोणती केली, तर माणसे जमवली. दरबार एकट्याचा भरत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईही कोणा एका पंथाच्या चाकोरीत मावल्या नाहीत, आणि त्यांनीही पुणे जिल्ह्यातील केडगावला शेकडो स्त्रियांची ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली. टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले आणि दरबारही फार काळ टिकला नाही.

[दृश्य : सतरंजीवर दाटीने बसलेली माणसे. गुडघ्याला गुडघा.]

ही बैठक नीट पाहा. या जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार आणि मातंग समाजांतून आलेले आहेत. ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, ज्यांचा पाणवठा वेगळा होता, त्यांना एका छपराखाली, एका सतरंजीवर, देवाच्या नावाने बसायला मिळाले. चर्चमध्ये येताना जात दाराबाहेर राहिली असे म्हणणे खरे होणार नाही. सोयरिकी जुळवताना ती अजूनही डोके वर काढते. पण उपासनेला जाणे गरजेचे आहे का हा प्रश्न, ज्यांना जाण्याची मोकळीक कायम होती त्यांच्या तोंडी वेगळा वाजतो आणि ज्यांच्या पणजोबांना ती नव्हती त्यांच्या तोंडी वेगळा. या सतरंजीवर बसलेल्या एका आजोबांना आम्ही तो विचारला. त्यांनी उत्तर देण्याऐवजी शेजारच्या माणसाला सरकून आम्हाला जागा करून द्यायला सांगितले.

[दृश्य : स्वयंपाकघर. पातेले. फडक्यातून गाळला जाणारा गडद रस.]

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीची, तयारी आदल्या रात्रीच सुरू झालेली असते. काळ्या मनुका धुऊन भिजत घालतात, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळतात, हाताने कुस्करतात आणि स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळतात. फडके पिळताना बोटे जांभळी होतात आणि तो रंग दुपारपर्यंत जात नाही. पावाच्या कडा काढून त्याचे बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडे केले जातात. काचेचे इवले कप गोल तबकातील खाचांत एकेक करून बसवले जातात. हे काम करणाऱ्या बाई कप मोजत नाहीत. कोण कोण येणार आहे ते त्या नावानिशी आठवतात आणि प्रत्येक नावाला एक कप भरतात. मागच्या आठवड्यात आजारी असलेल्या माणसाचा कपही त्या भरतात.

पडद्यावर प्रवचन ऐकू येते, गीत ऐकू येते, प्रार्थनेत मनाने सामीलही होता येते. हा कप मात्र कोणाच्या तरी हातूनच घ्यावा लागतो. कॅथलिक परंपरेत रविवारची मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, हे बंधनकारक कर्तव्य मानले जाते आणि आजारी माणसाला व त्याची शुश्रूषा करणाऱ्याला त्यातून मोकळीक असते. प्रोटेस्टंट मंडळ्या सांगतात की तारण विश्वासाने होते, हजेरीने होत नाही. दोन्ही परंपरांची भाषा वेगळी असली तरी मेजावर भाकर आहे आणि ती वाटली जाते, हे दोन्हीकडे सारखेच आहे. एकट्याने खाल्लेली भाकर पोट भरते. मोडून दिलेल्या भाकरीला प्रभुभोजन म्हणतात.

[दृश्य : बंद दार. कुलूप. दारावरून हलणारी कडुनिंबाची सावली.]

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हे दार बंद झाले. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. त्या काळात कोणाचाही विश्वास चर्चअभावी गेला नाही, असे इथले पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, सांगतात. मोबाइलच्या पडद्यावर का होईना, मंडळी एकमेकांची चौकशी करत राहिली. सगळे परतले नाहीत, हेही ते सांगतात.

चर्चला जाण्याची या देशात एक किंमतही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि पुढे १९५६ पासून शीखांना व १९९० पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती दलितांना मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतील एका महिलेचा असा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा बाप्तिस्म्याबरोबर तिचे नियमित चर्चला जाणेही विचारात घेतले गेले.

[दृश्य : उपासना संपली आहे. पाळक लहान पेटी घेऊन पायवाटेने निघाले आहेत. मागे दोन मुले.]

उपासना संपली की पाळकांचे काम संपत नाही. या पेटीत चार कप, एक लहान बाटली आणि कापडात गुंडाळलेले पावाचे तुकडे आहेत. गावाच्या कडेला राहणाऱ्या एका आजींना दोन वर्षांपासून उठून बसता येत नाही. त्या चर्चला जात नाहीत, जाऊ शकत नाहीत. म्हणून मंडळी त्यांच्याकडे येते. खाटेशेजारी स्टूल ओढले जाते, त्यावर पांढरा रुमाल अंथरला जातो. मुलांना गीताचे एकच कडवे पाठ आहे, ते दोनदा म्हणतात.

[निवेदन थांबावे. खोलीतील आवाज तसाच ठेवावा.]

आजी कप दोन्ही हातांनी धरतात. रस संपल्यावर कप पदराने पुसून परत देतात. मग त्या पाळकांना विचारतात की आज कोण कोण आले होते, आणि पाळक एकेक नाव सांगू लागतात.