भिशीच्या पैशातली पहिली आवृत्ती

नाशिकहून दिंडोरी रोडनं निघालं की म्हसरूळ सोडल्यावर द्राक्षबागा सुरू होतात, आणि जानेवारी ते मार्च इथल्या पॅकहाऊसमध्ये उभं राहायला जागा नसते. डोक्याला जाळी, हातात छोटी कात्री, समोर घड, खराब मणी काढायचा की पुढचा घड. अशाच एका पॅकहाऊसमध्ये हजेरी आणि मजुरीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी कादंबरी लिहिली. इथं सगळे त्यांना ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणूया.

कादंबरी टोळ्यांवर आहे. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला, थिनिंगला म्हणजे घडातले मणी विरळ करायला, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला जी माणसं येतात, मुकादमाकडून उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेऊन येतात, बागेच्या कडेला पाल ठोकून राहतात, त्यांच्यावर. ताईंनी ती मोबाईलवर लिहिली, घरातलं सगळं आवरल्यावर, आणि लिहून झाल्यावर पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना पाठवली. काहींनी उत्तरच दिलं नाही. एकांनी फोन केला, फार गोड बोलले, आणि शेवटी निघालं काय तर पॅकेज, म्हणजे छपाईचा सगळा खर्च लेखकाचा, वर शंभर प्रती लेखकानंच विकत घ्यायच्या, आणि हक्क मात्र त्यांच्याकडे! याला मी तरी प्रकाशन म्हणणार नाही. नव्या लेखकाला आपलं नाव कव्हरवर बघायची किती ओढ असते ते या लोकांना बरोबर माहीत असतं. ताईंनी नाही म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, पैसे माझेच जाणार असतील तर पुस्तक पण माझंच राहू दे.

भिशी लागली होती, ते पैसे काढले.

पदरमोड करून पुस्तक काढणं यात कमीपणाचं काही नाही, आणि नाशिककरांना तर हे सांगायलाच नको. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' 1942 साली वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या खर्चानं छापला होता.

आता छापायचं म्हणजे काय काय करावं लागतं ते बघा, कारण हे कुणी नीट सांगत नाही. पुस्तक डेमी साईजचं, 160 पानं, सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला गठ्ठा, धरला तर दहा फर्मे. पाच-पंचवीस प्रती हव्या असतील तर डिजिटल परवडतं, पण पाचशे काढायच्या तर ऑफसेटच, म्हणजे पानांच्या प्लेट बनवून छापायचं, कारण प्लेटचा खर्च एकदाच होतो आणि तो जास्त प्रतींवर वाटला जातो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकाला स्वतःच्या नावानं पण मिळतो आणि तो फुकट असतो, त्यामुळे कुणी त्याचे वेगळे पैसे लावले तर सरळ विचारा कशाचे लावले. आणि एकदा प्रकाशक म्हणून तुमचं नाव लागलं की 1954 च्या कायद्यानं तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासकट चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. ताईंनी पाठवल्या, पावत्या जपून ठेवल्यात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला फॉन्टनं. ताईंनी टाईप केलं होतं युनिकोडमध्ये, डीटीपीवाल्याकडे जुना फॉन्ट, कन्व्हर्ट केलं आणि प्रूफ आलं तर 'शेतकऱ्याचा' हा शब्द प्रत्येक ठिकाणी 'शेतकर्याचा' झालेला, र चा रफार होऊन या च्या डोक्यावर जाऊन बसलेला. द्राक्षबागेवरची कादंबरी, म्हणजे हा शब्द किती वेळा येणार विचार करा. ते प्रूफ ताईंनी अजून ठेवलंय, कॅमेऱ्यासमोर धरलं तर पानावर लाल पेन जास्त आणि छपाई कमी दिसते. मुद्रितशोधनाला वेगळा माणूस लावायला पैसे नव्हते, ते सगळं त्यांनीच केलं, लंच टाईममध्ये, क्रेटवर बसून.

पुस्तक आलं. विकायचं कसं? वितरकाला दिलं तर छापील किमतीच्या चाळीस-पन्नास टक्के तोच मागतो, आणि उरलेले पैसे कधी येतील सांगता येत नाही. म्हणून ताईंनी व्हॉट्सअपवर टाकलं, ओळखीच्या शिक्षकांना दिलं, पॅकहाऊसमध्ये ठेवलं. आणि इथं त्यांची हिशेबाची सवय कामाला आली. कुणी घेतलं, कुठल्या गावचं, पैसे दिले का राहिले, वाचून काय म्हणाले, सगळं एका वहीत. वहीत एक नोंद आहे, "सुरगाणा, तीन बायका मिळून एक प्रत, एकीनं वाचली दोघींनी ऐकली, म्हणाल्या मुकादमाची बायको अशी नसते, ती पण उचलीतच असते."

मला विचाराल तर या पुस्तकाबद्दल एवढी नेमकी गोष्ट दुसऱ्या कुणीच सांगितली नाही.

प्रती संपत आल्या तेव्हा ताईंनी परत प्रकाशकांकडे विचारलं. बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की आधी छापलेलं पुस्तक आम्ही घेत नाही, आणि त्यांची अडचण खोटी नाही, ज्यांना घ्यायचं ते घेऊन झालेले असतात, शिवाय राज्य वाङ्मय पुरस्काराला पहिलीच आवृत्ती चालते, म्हणजे प्रकाशकाच्या हातातून ती पण संधी गेलेली. जे स्वतः छापायचा विचार करतायत त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. पण पुण्याच्या एका प्रकाशनाच्या संपादकांनी भेटायला बोलावलं. ताई वही घेऊन गेल्या. सरांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आधी वही वाचली. जवळपास सगळ्या प्रती नाशिक जिल्ह्यातच गेल्या होत्या, बाकीच्या महाराष्ट्राला पुस्तक माहीतच नव्हतं, म्हणजे घेणारे अजून बाकी होते, आणि त्यांच्या दृष्टीनं मुद्दा तोच होता.

मग काम सुरू झालं. सर म्हणाले, "ताई, पहिली तीन प्रकरणं काढा, गोष्ट चौथ्यापासून सुरू होते." ताईंना राग आला, चांगलाच आला, आठवडाभर त्यांनी फोन घेतला नाही. मग काढली. मुकादमाची बायको नव्यानं लिहिली, सुरगाण्याच्या त्या बाईनं सांगितली तशी. गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाची फळासाठीची छाटणी, तिच्यापासून माल निघेपर्यंत हेच चाललं. स्वतः छापताना हे मिळत नाही, तुमच्या वाक्यावर पैसे लावलेला आणि तरी तुमच्याशी भांडणारा माणूस.

करार आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, सर्व हक्क कायमस्वरूपी. ताईंनी ओळखीच्या वकिलांना दाखवला. 1957 च्या कॉपीराईट कायद्यात कलम 19 आहे, हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं धरतात, पण 'कायमस्वरूपी' असं लिहून सही केली की मग ते कलम मदतीला येत नाही. हे वाचून ताईंनी मागितलं ते असं, फक्त मराठी छापील आवृत्तीचे हक्क, तेही ठरावीक वर्षांसाठी, भाषांतर, ऑडिओ, सिनेमा आपल्याकडे, छापील किमतीवर दहा टक्के रॉयल्टी आणि वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशेब. छपाई, कमिशन, कागद सगळं स्वतः केलेलं असल्यामुळे समोरचा कशावर अडेल आणि कशावर सोडेल हे त्यांना कळत होतं. ऑडिओवर थोडी ओढाताण झाली, बाकी मान्य झालं.

नवी आवृत्ती आता बाजारात आहे, पानं कमी, कव्हर वेगळं, 'शेतकऱ्याचा' सगळीकडे नीट. करारात अजून एक ओळ होती, पुढचं पुस्तक आधी आम्हालाच दाखवायचं. ती ताईंनी खोडून घेतली. पुढचं लिहिणं चालू आहे, कांद्याच्या लिलावावर, सध्या सुट्टीच्या दिवशी त्या लासलगावला जाऊन बसतात. ते कुणाला द्यायचं ते लिहून झालं की बघू म्हणतात.