गवंड्याची लेक, इंग्लंडची राणी

नजर आधी त्या कपाळावर जाते. भुवयांपासून डोक्याच्या मध्यापर्यंत उघडं, पहिल्या एलिझाबेथच्या जुन्या चित्रांत असतं तसं.

१९७१. बीबीसीची सहा भागांची मालिका, 'एलिझाबेथ आर'. टकलाचा टोप लावून काम भागलं असतं. पण राणी झालेल्या ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सननं पुढचे केस सरळ भादरून घेतले.

तेव्हा ती चौतिशीत होती. पडद्यावर मात्र तिला सगळं आयुष्य जगायचं होतं. पहिल्या भागातली एलिझाबेथ कोवळी पोर. राजद्रोहाचा संशय डोक्यावर, प्रत्येक शब्द तोलून बोलणारी. शेवटच्या भागात ६९ वर्षांची म्हातारी, पांढऱ्या लेपाखाली चेहरा गोठलेला. मधली सारी वर्षं ग्लेंडा आवाजातून आणि मानेच्या ताठपणातून दाखवते. दागिने आणि झगे विसरायला होतात. समोर उरते राज्य करणारी एक बाई, कुणावरही पुरता विश्वास टाकू न शकणारी. ऐतिहासिक मालिकांत एवढी खरी राणी आम्ही क्वचितच पाहिली.

या भूमिकेनं तिला दोन एमी, म्हणजे अमेरिकेचे टीव्ही पुरस्कार, मिळवून दिले. त्याच वर्षी 'मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स' या चित्रपटातही ती पुन्हा एलिझाबेथच झाली.

ही राणी जन्मली ९ मे १९३६ ला, बर्कनहेडच्या एका गवंड्याच्या घरात. शाळा सुटल्यावर दोन वर्षं 'बूट्स'मध्ये, औषधांच्या दुकानात नोकरी. मग शिष्यवृत्तीवर 'राडा' ही लंडनची नाट्यशाळा, आणि पुढे अनेक वर्षांची उमेदवारी. दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या नाटकांनी तिचं नाव झालं. दोन ऑस्कर आले. ते आईकडे ठेवलेले. आई ते इतके घासायची, की वरचा मुलामा निघून आतला धातू दिसायला लागला, असं ग्लेंडा सांगायची.

१९९२ मध्ये तिनं अभिनय सोडला. मजूर पक्षाची खासदार, काही काळ वाहतूक खात्याची कनिष्ठ मंत्री. इराक युद्धाला तिनं स्वतःच्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध जाऊन विरोध केला. २०१० ची निवडणूक तर तिनं अवघ्या ४२ मतांनी जिंकली.

२०१५ मध्ये संसद सोडली. पुढच्याच वर्षी, ८० व्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक रंगमंचावर ती उभी राहिली किंग लिअर म्हणून. राणी नव्हे, राजा. पंचवीस वर्षांनी नाटकात, आणि तेही शेक्सपिअरची सगळ्यांत दमवणारी भूमिका घेऊन.

१५ जून २०२३ ला ती गेली. मायकेल केनबरोबरच्या शेवटच्या चित्रपटाचं काम तिनं तोवर पूर्ण केलं होतं.