भरती-सुकतीची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात चवथीला आपण गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली उभं राहून आरती म्हणतो, तेव्हा डोक्यावर नारळ, सुपाऱ्यांचे घड, रानातून आणलेली फळं लोंबत असतात. माटोळी लांबून बघायची गोष्टच नाही, तिच्याखाली शिरावं लागतं. म्हणून आज ज्या कलेबद्दल बोलणार आहे ती मला परकी वाटत नाही. खोलीच्या चारी भिंती फोटोंच्या तुकड्यांनी मढवायच्या आणि बघणाऱ्याला चित्राच्या आत उभं करायचं, अशी ही कला.

बघणाऱ्याला चोहोबाजूंनी वेढणारं चित्र तसं जुनं. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरपाशी त्यासाठी गोल इमारतच उघडली. लोक अंधाऱ्या वाटेने येत आणि मधल्या ओट्यावर चढत. नेदरलँड्समधल्या हेगमध्ये चित्रकार मेस्डाख यांचं १८८१ सालचं असं चित्र आजही बघता येतं. उंची सुमारे १४ मीटर, घेर सुमारे १२० मीटर. ओटा आणि चित्र यांच्यामध्ये खरी वाळू पसरलेली आहे. ती कुठे संपते आणि रंगवलेला किनारा कुठे सुरू होतो, ते डोळ्यांना उमगत नाही.

हे कसब मोठंच. तरीही फोटोंच्या कामात मला जोड दिसलेले हवेत. इंग्लिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९८२ मध्ये पोलरॉइड फोटो शेजारी शेजारी मांडून चित्रं केली, पांढऱ्या कडा तशाच ठेवून. एकच माणूस त्यांत अनेक बाजूंनी, वेगवेगळ्या क्षणी दिसतो. समोर बसलेल्या माणसाकडे आपणही असंच बघतो ना, थोडं थोडं, वेळ घेत!

हे मला नीट कळलं ते दिवाडी बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत. आम्ही काही जणांनी बांधावर एका जागी तिवई रोवली आणि कॅमेरा थोडा थोडा वळवत सगळीकडचे फोटो काढले. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा यायला हवा, तरच ते जुळतात. काम सकाळी सुरू झालं ते दुपारपर्यंत चाललं. तेवढ्यात सुकती, म्हणजे ओहोटी, लागली. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, तशी उघडली आणि आतलं पाणी नदीकडे धावलं.

घरी संगणकावर फोटो जोडले. एकसंध, गुळगुळीत, सुरेख चित्र तयार झालं. पण त्यातलं पाणी कुठल्याच वेळेचं नव्हतं. पुसून निघाली होती ती नेमकी भरती, जिच्यासाठी ते बांध आणि त्या मानशी आहेत.

मग आम्ही ते मोडलं. फोटो सुटे छापले आणि एका जुन्या घराच्या चुन्याच्या भिंतींवर मैद्याच्या खळीने चिकटवले. पावसाळी दमटपणाने दोन कोपरे सुटले, ते पुन्हा लावावे लागले. आता दारापासून खिडकीपर्यंत पाणी पायरीपायरीने उतरत जातं.

खाजनात जन्म घालवलेले एक काका बघायला आले. खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी सावकाश एक गिरकी घेतली. मग भिंतीजवळ गेले, दोन फोटोंच्या फटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हांगा भरती. हांगा सुकती."