क्योल्न: नाव गळालं, वसाहत उरली

ताप चढला की आई वाटीभर पाण्यात कोलनवॉटरचे थेंब टाकायची. रुमालाची घडी त्यात बुडवून, पिळून कपाळावर ठेवायची. त्या गार वासात एका शहराचं नाव आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

ते शहर हे. जर्मनीतलं, ऱ्हाईन नदीकाठचं क्योल्न.

दोन हजार वर्षांपूर्वी इथे उबी जमातीचं गाव होतं, रोमच्या आश्रयाने वसलेलं. सन १५ मध्ये रोमन सेनापती जर्मानिकस याला इथेच मुलगी झाली. तिचं नाव अग्रिपिना. पुढे ती सम्राट क्लॉडियसची राणी झाली, आणि सन ५० मध्ये तिच्या या जन्मगावाला 'कोलोनिया'चा दर्जा मिळाला. कोलोनिया म्हणजे वसाहत, पण पूर्ण रोमन हक्कांची; निवृत्त सैनिकांना वसवून उभी केलेली. नाव पडलं: कोलोनिया क्लाउदिया आरा अग्रिपिनेन्सियुम. क्लॉडियसने स्थापलेली, वेदीपाशी वसलेली, अग्रिपिनाच्या लोकांची वसाहत.

आता हा दगड बघा. शहराच्या उत्तर वेशीच्या कमानीतला. एवढं लांबलचक नाव कमानीवर मावणार कसं? मग आद्याक्षरंच कोरली: सी, सी, ए, ए. शेवटचा 'ए' अग्रिपिनाचा.

तिला सन ५९ मध्ये पोटच्या पोरानेच, नीरोने, ठार करवलं. तरी इथले लोक त्यानंतरही स्वतःला अग्रिपिनेन्सेस म्हणवत राहिले. मला या माणसांचं फार कौतुक वाटतं. रोममध्ये काहीही घडो, गावाने तिचं नाव टाकलं नाही.

पण बोलताना जीभ काटकसर करते. आधी सम्राट गेला, वेदी गेली, शेवटी अग्रिपिनाही. उरली नुसती 'कोलोनिया'. तिचंच घासून घासून क्योल्न झालं. इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या नावाच्या शेवटीही हीच कोलोनिया दडली आहे, पण तिथे पुढचं 'लिंडुम' हे गावाचं नाव थोडं तरी टिकलं. इथे गावाचं स्वतःचं असं काहीच राहिलं नाही. १९१९ पर्यंत सरकारदरबारी 'सी'ने लिहिलं जाणारं हे नाव त्यानंतर 'के'ने लिहू लागले, एवढाच काय तो अलीकडचा बदल.

१८व्या शतकात योहान मारिया फरीना या इटालियन माणसाने इथे एक सुगंधी पाणी तयार केलं आणि त्याला आपल्या या नव्या गावाचं नाव दिलं, तेही फ्रेंचमध्ये: ओ द कोलोन. कोलोनचं पाणी. तेच आपल्या कपाळावरच्या घडीत आलं.

आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाटी असते ना, अमुक कॉलनी, तमुक कॉलनी? तो शब्दही हाच.