त्राटिकेला कोणी विचारलं?

मंडळी, आपल्याकडे बाईचा आवाज जरा चढला की लगेच शब्द येतो, "काय त्राटिका आहे!" हा शब्द रामायणातला, पण मराठी नाटकाच्या जाहिरातीवर तो झळकला वासुदेव बाळकृष्ण केळकरांमुळे. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवणारे केळकर. शेक्सपिअरचं 'द टेमिंग ऑफ द श्रू' त्यांनी मराठीत आणलं आणि नाव ठेवलं 'त्राटिका'. शाहूनगरवासी नाटक मंडळीनं ते गाजवलं. गणपतराव जोशी त्यात प्रतापराव व्हायचे, आणि समोरची त्राटिका म्हणजे अर्थातच लुगडं नेसलेला पुरुष.

आता गंमत बघा. 'श्रू' म्हणजे चिचुंद्री. इवलासा चावरा प्राणी, त्यावरून भांडखोर बाईला इंग्रजीत ते नाव पडलं. मराठीत येता येता चिचुंद्रीची राक्षसीण झाली! आणि राक्षसीण म्हटलं की पुढे काय करायचं ते ठरलेलंच असतं. वाल्मीकींच्या रामाचा हात ताटकेवर, म्हणजे आपल्या त्राटिकेवर, उचलत नाही, बाई आहे म्हणून तो घुटमळतो. विश्वामित्र त्याला सांगतात, स्त्री म्हणून दया करू नकोस. पण त्याच कथेत हेही आहे की ताटका मुळात यक्षिणी होती, तिचा नवरा अगस्त्यांच्या हातून मेला, ती चवताळून त्यांच्यावर धावली आणि शापानं राक्षसी झाली. हा भाग कीर्तनात मात्र भर्रकन उरकतात.

शेक्सपिअरची केट, म्हणजे त्याच्या नाटकातली ती 'श्रू', अशीच आहे. ती चिडकी आहे हे सगळे सांगतात, का चिडली हे कोणी विचारत नाही. मला वाटतं, उत्तर नाटकात अगदी उघड्यावर ठेवलेलं आहे आणि ते आपल्याला इंग्रज वाचकापेक्षा लवकर दिसायला हवं.

इटलीतल्या पादुआ गावचा बाप्तिस्ता हा श्रीमंत माणूस. दोन मुली. मोठी केट. धाकटी बियांका गोड, तिला मागण्यांची रांग. बाप जाहीर करतो, मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं नाही. लगेच बियांकाचे उमेदवार केटला तिच्या तोंडावर टाकून बोलू लागतात. यावर केटचं नाटकातलं पहिलं वाक्य काय आहे? ती बापाला विचारते: या लोकांपुढे माझा तमाशा करायचा तुमचा विचार आहे का? मी हे नाटक बरीच वर्षं शिकवलं. बाकी टिपा द्याव्या लागायच्या, पण ही जागा समजावून सांगावी लागली नाही. प्रत्येक वर्गात एखादी मोठी बहीण असायचीच.

केट म्हणजे गरीब गाय नाही, हेही सांगितलं पाहिजे. ती बहिणीचे हात बांधून तिला मारते, संगीत शिकवायला आलेल्याच्या डोक्यात ल्यूट हे तंतुवाद्य घालते. पण बहिणीवर हात उगारल्यावर ती बापाला म्हणते, बियांका तुमचा खजिना, तिला नवरा मिळाला पाहिजे, आणि तिच्या लग्नात मी अनवाणी नाचायचं. बिनलग्नाच्या थोरल्या बहिणीनं धाकटीच्या लग्नात अनवाणी नाचायचं, अशी तिकडे रीत सांगत. तिच्या रागाचं मूळ इथे आहे.

मग येतो पेत्रुशिओ. तो काही लपवत नाही. श्रीमंत बायको मिळवायला आलोय, म्हणतो. केटला बघण्याआधी तो बापाला हुंड्याचा आकडा विचारतो. वीस हजार क्राउन रोख, शिवाय बापाच्या मागे निम्मी जमीन. सौदा ठरतो आणि मग बाप्तिस्ताला आठवतं की मुख्य गोष्ट राहिली, मुलीचं मन मिळायला हवं. पेत्रुशिओ म्हणतो, ते काहीच नाही! याद्या झाल्यावर कोणीतरी "मुलीला पसंत आहे ना?" म्हणून विचारावं, तसं.

मोठी खपल्यावर त्याच प्रवेशात धाकटीचा लिलाव होतो. लिलाव हा माझा शब्द, पण दुसरा कुठला वापरणार? म्हातारा ग्रेमिओ बोली लावतो: भांड्याकुंड्यांनी भरलेलं घर, शंभर दुभत्या गाई, एकशेवीस बैल. समोरचा म्हणतो, माझी पिसा शहरात तीन-चार घरं आणि वर्षाला दोन हजार डुकाट देणारी जमीन. मग गलबतं मोजायला सुरुवात होते. ग्रेमिओकडे एक, तर समोरच्याकडे तीन, वर आणखी चौदा. बाप्तिस्ता ज्याची बोली जास्त त्याला मुलगी देतो. आणि शेक्सपिअरचा खट्याळपणा असा की जिंकणारा बोलीदार म्हणजे मालकाचे कपडे घालून आलेला नोकर ट्रानिओ. त्याच्याजवळ एक होडीसुद्धा नाही.

केटचं 'वठणीवर आणणं' तर तुम्हाला माहीतच आहे. लग्नाला नवरा उशिरा येतो, तोही फाटक्या कपड्यांत. ही माझी मालमत्ता, माझं घर, माझं शेत, माझा घोडा, माझा बैल, माझं गाढव, असं चारचौघांत म्हणत तो तिला लग्नाच्या जेवणाआधीच घेऊन जातो. घरी तिला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, आणि सगळं तिच्या काळजीपोटी! मांस करपलंय, तुला बाधेल. गादी नीट नाही, तुला टोचेल. ससाणा माणसाळवताना त्याला उपाशी आणि जागं ठेवतात, तेच मी करतोय, असं तो प्रेक्षकांना सरळ सांगतो. 'माणसाळवणं' हा आपला शब्द इथे फार नेमका बसतो. माणसानं माणसाला माणसाळवायचं.

यावर हसायचं कसं? एक पळवाट नाटकातच आहे. सुरुवातीला स्लाय नावाचा दारुडा कल्हईवाला झोपेतून उठतो आणि एक उमराव गमतीनं त्याला पटवतो की तूच मोठा सरदार आहेस. त्याची बायको म्हणून एका पोराला बाईचे कपडे चढवतात. खरं रडू आलं नाही तर रुमालात कांदा लपव, असा निरोपही त्या पोराला जातो. केटची सगळी कथा या स्लायपुढे खेळ म्हणून होते. आज्ञाधारक पत्नी पहिल्यांदा रंगमंचावर येते ती कांदा घेतलेला पोरगा म्हणून. मी ही गोष्ट कधी विसरू शकलो नाही. पण तिच्या आधारावर सगळं नाटक उपरोधिक आहे म्हणणं मला जरा सोयीचं वाटतं. भूक ही भूकच असते.

त्या काळच्या लोकांनाही हे टोचलं असणार. जॉन फ्लेचरनं पुढचा भाग लिहिला: केट वारली आहे, पेत्रुशिओनं दुसरं लग्न केलंय आणि ही दुसरी, मारिया, त्यालाच वठणीवर आणते. १६३३ च्या नोव्हेंबरात राजदरबारी दोन्ही नाटकं दोन दिवसांच्या अंतरानं झाली. दरबारी नोंदीत शेक्सपिअरच्या नाटकापुढे 'आवडलं' लिहिलंय, फ्लेचरच्या नाटकापुढे 'फार आवडलं'.

आपल्याकडे 'त्राटिका' आली तो काळही ध्यानात घ्या. १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं रखमाबाईंना सांगितलं होतं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, वय दहाचं बारा झालं, आणि तेवढ्यावर पुणं पेटलं. त्याच सुमाराला बायको वठणीवर आणण्याच्या नाटकाला लोक हसत होते. कायद्याला भांडणारा आणि नाटकाला हसणारा, कदाचित एकच माणूस.

आता शेवटचा प्रवेश. तिन्ही नवरे, म्हणजे पेत्रुशिओ, होर्टेन्शिओ आणि बियांकाशी लग्न झालेला ट्रानिओचा मालक लुसेन्शिओ, पैज लावतात: हाक मारली की कुणाची बायको आधी येते? बियांका येत नाही, विधवेशी लग्न केलेल्या होर्टेन्शिओचीही येत नाही, केट येते. आणि मग तिचं ते चव्वेचाळीस ओळींचं भाषण, नाटकातलं सगळ्यात लांब. नवरा तुझा धनी, तो ऊनपावसात राबतो, तू घरात उबेत सुरक्षित पडलेली असतेस. हे कोण म्हणतंय? जिला नवऱ्यानं गारठ्यात उपाशी ठेवलं ती. राबणारा नवरा कोण? तिच्या हुंड्यावर नजर ठेवून आलेला. ओळी कुठल्याही सुरात म्हणा, हे दोन खिळे निघत नाहीत.

शिवाय एक बारकी जागा आहे, वाचताना निसटते. पैज लागते तेव्हा केट आत असते, तिला काही माहीत नसतं. ती बहिणीला आणि त्या विधवेला घेऊन परत येते, तेव्हा बियांकाचा नवरा वैतागून सगळ्यांदेखत बोलून जातो की तुझ्या शहाणपणापायी माझे शंभर क्राउन बुडाले. बियांका फटकन म्हणते, पैज लावलीत म्हणजे तुम्हीच मूर्ख. केट तिथेच उभी असते. त्यानंतर पेत्रुशिओ तिला सांगतो, आता या बायकांना पत्नीचं कर्तव्य समजावून दे.

म्हणजे बोलायला तोंड उघडण्याआधी तिला कळलेलं आहे की आपल्यावर पैसे लागलेत.