केईएमचा प्रश्न आरोग्यमंत्र्यांना विचारता येतो का?

(परळ, आचार्य दोंदे मार्ग. सकाळची ओपीडीची गर्दी, हातात फायली आणि एक्सरेच्या पिशव्या घेतलेली माणसं.)

परळला आचार्य दोंदे मार्गावर उभं राहून इकडेतिकडे बघितलं ना, तर अख्ख्या महाराष्ट्राच्या आरोग्याचा कारभार कसा चालतो ते जवळजवळ एका रस्त्यातच दिसतं. हे केईएम, १९२६ पासूनचं, मुंबई महापालिकेचं. हे वाडिया, ट्रस्टचं, पण पालिका आणि राज्य दोघांच्या अनुदानावर चालणारं. पलीकडे हाफकिन, लसींवर काम करणारी संस्था, राज्य सरकारची. आणि जरा पुढे टाटा मेमोरियल, ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याचं, हो बरोबर ऐकलंत, कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आहे. साताऱ्याहून, जळगावहून, युपी-बिहारहून आलेला जो माणूस इथे फुटपाथवर चादर टाकून बसलाय त्याला यातलं काही माहीत नसतं, आणि का असावं, त्याच्यासाठी हे सगळं सरकारी हॉस्पिटल.

पण उद्या त्याच्या आमदाराने विधानसभेत त्याच्या वतीने प्रश्न विचारला तर पहिल्यांदा हेच बघितलं जाणार, की हॉस्पिटल कुणाचं.

आता राज्याचे सार्वजनिक आरोग्य मंत्री, सध्या प्रकाश आबिटकर, त्यांच्या खात्याकडे काय आहे? प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं, जिल्ह्याची सिव्हिल हॉस्पिटलं, १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स. जेजे, सेंट जॉर्ज, जीटी, कामा ही मुंबईतली राज्याची मोठी हॉस्पिटलं, पण ती वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, म्हणजे हसन मुश्रीफांकडे. केईएम, सायन, नायर, कूपर पालिकेची, आणि पालिकेचा प्रश्न विधिमंडळात आला की उत्तर द्यायला नगरविकास खातं उभं राहतं. म्हणजे गंमत बघा, मुंबईत आजारी पडलेला गरीब माणूस ज्या हॉस्पिटलांत जातो त्यातली जवळजवळ सगळी मोठी हॉस्पिटलं आरोग्यमंत्र्यांची नाहीतच.

२०२३ च्या १५ ऑगस्टपासून सरकारने उपचार मोफत केले, आठवतंय का, केस पेपरपासून सगळं फुकट, मोठ्या जाहिराती झाल्या. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. पालिकेच्या आणि वैद्यकीय शिक्षणच्या हॉस्पिटलांना तो लागू नव्हता. म्हणजे केईएमच्या केस पेपरच्या खिडकीवर "टीव्हीवर तर फुकट म्हणाले" असं कुणी भांडला असता तर खिडकीतली बाईपण बरोबर आणि भांडणारापण बरोबर.

(विधान भवन, नरिमन पॉइंट. बाहेर गाड्यांची रांग, पास तपासणारे पोलीस.)

विधान भवन. १९८१ पासून इथे अधिवेशनं भरतात, बजेटचं आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे मंत्र्याला तोंड द्यावंच लागतं असा तास. तारांकित प्रश्न असेल तर उत्तर सभागृहात आणि वर उपप्रश्न, अतारांकित असेल तर फक्त लेखी. शिवाय तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना असते, अर्धा तास चर्चा असते.

स्क्रीनवर बघा, तारांकित प्रश्न साधारण कसा दिसतो. वर पाच-दहा आमदारांची नावं, मग "सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय", आणि मग एक, दोन, तीन, चार. अमुक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरची लस उपलब्ध नसल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, त्यामुळे रुग्णास प्राण गमवावे लागले, हे खरे आहे काय. असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. हा आम्ही समजण्यासाठी बनवलेला नमुना आहे, पण विधिमंडळाची कुठलीही प्रश्नांची यादी काढा, साचा हाच.

आता हा प्रश्न प्रवासाला निघतो. सार्वजनिक आरोग्य विभागाचं मंत्रालयातलं ऑफिस मंत्रालयाच्या मुख्य बिल्डिंगमध्ये नाहीये, ते आहे जीटी हॉस्पिटलच्या आवारातल्या इमारतीत. तिथून प्रश्न जातो आरोग्य भवनला, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या कंपाउंडमध्ये, तिथून त्या भागातल्या आरोग्य उपसंचालकांकडे, मग जिल्हा शल्यचिकित्सक, ज्यांना सगळे सिव्हिल सर्जन म्हणतात, आणि शेवटी त्या ग्रामीण रुग्णालयाच्या मेडिकल ऑफिसरकडे, जो त्या वेळी बहुतेक ओपीडीत दीडशे पेशंट बघत असतो आणि वरून निरोप, "एलएक्यू आहे, आजच्या आज माहिती पाठवा". एलएक्यू म्हणजे विधानसभेतला प्रश्न. मेडिकल ऑफिसर स्टॉक रजिस्टर उघडतो. रजिस्टरमध्ये त्या तारखेला लस दिसते. तो लिहितो, उपलब्ध होती. हेच वाक्य एकेक सही घेत परत वर चढतं आणि मंत्र्यांच्या हातात येईपर्यंत झालेलं असतं, "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

लस होतीच हो. पण ती टोचायला त्या रात्री डॉक्टर होता का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

इथे लगेच "अधिकारी खोटारडे" असं म्हणायचा मोह होतो. पण सभागृहाला चुकीची माहिती दिली तर हक्कभंग, म्हणजे सभागृहाचा हक्क मोडल्याचा ठपका, येऊ शकतो, त्यामुळे उत्तर लिहिणारा कक्ष अधिकारी खोटं लिहायला घाबरतो, तो खरंच लिहितो, फक्त विचारलं तेवढंच आणि त्यातलंही कमीत कमी. आमदाराने प्रश्नात गावाचं नाव, तारीख किंवा मृतांची संख्या जरा चुकीची टाकली की मग झालंच, "हे खरे नाही". आणि एखादी गोष्ट नाकारताच येत नसेल तर "हे अंशतः खरे आहे". अशा वेळी काय घडलं ते खालच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं, पण तिथपर्यंत कुणी वाचत नाही, बातमी वरच्या ओळीची होते.

लेखी उत्तरात मंत्री सुरक्षित असतात, खरी परीक्षा उपप्रश्नांची. तेव्हा अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे नजर ठेवायची. आमदार बोलत असतानाच तिथे फाइल चाळली जाते, एक चिठ्ठी निघते आणि मंत्र्यांपर्यंत पोचते, ते एका डोळ्याने चिठ्ठी वाचत दुसऱ्या डोळ्याने अध्यक्षांकडे बघत बोलत राहतात. चिठ्ठी आली नाही तर मग "माहिती घेऊन पटलावर ठेवतो", "तपासून उचित कार्यवाही करू". आणि सभागृह फारच तापलं तर प्रश्न राखून ठेवला जातो.

(जुनी बातम्यांची दृश्यं, २०२१. ऑक्सिजन टँकर, सिलेंडरच्या रांगा.)

अशा तोलूनमापून लिहिलेल्या उत्तराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मुंबईतलं नाही, दिल्लीतलं आहे, पण त्याचा एक धागा नाशिकला जातो. २० जुलै २०२१, राज्यसभा. प्रश्न असा की दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी किती लोक गेले. केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री होत्या भारती पवार, दिंडोरीच्या खासदार, मंत्री होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. लेखी उत्तराचा आशय असा, की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यू कसे कळवायचे याच्या सूचना राज्यांना दिल्या आहेत, आणि ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्पष्टपणे कळवलेलं नाही. देशभर संताप झाला. लोकांनी सिलेंडरसाठी रात्र रात्र काढली होती आणि संसदेत उत्तर हे.

पण वाक्य परत वाचा. मृत्यू झाले नाहीत असं त्यात म्हटलेलंच नाही, राज्यांनी कळवलं नाही असं म्हटलंय. मृत्यूच्या कारणात डॉक्टर आजार लिहितो, सिलेंडर संपला हे लिहायला रकाना कुठे असतो? बरं, महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे, दुसऱ्या पक्षाचे, दुसऱ्या सरकारचे, तेही त्याच आठवड्यात म्हणाले की राज्यात ऑक्सिजनच्या टंचाईने कुणी दगावलं नाही. आणि नाशिकचं झाकीर हुसेन हॉस्पिटल? २१ एप्रिल २०२१, टाकीतून गळती, व्हेंटिलेटरचा पुरवठा तुटला, २२ पेशंट गेले. ती टंचाई नव्हे, ती दुर्घटना. आणि हॉस्पिटल महापालिकेचं. आमच्या मते हे उत्तर नव्हतं, ही पळवाट होती, पण ती शब्दाशब्दाने पक्की बांधलेली पळवाट होती, आणि ती बांधायला पक्ष कुठला आहे याने काही फरक पडला नाही.

२०२३ चा ऑगस्ट. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलमध्ये २४ तासांत १८ मृत्यू. हॉस्पिटल ठाणे महापालिकेचं. दीड महिन्यात नांदेड, शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल, २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. हॉस्पिटल वैद्यकीय शिक्षणचं. आरोग्यमंत्री तेव्हा तानाजी सावंत, आणि कागदावर दोन्हीपैकी एकही हॉस्पिटल त्यांच्या खात्याचं नव्हतं! पण कळव्यात गर्दी का वाढली होती? ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल नव्या इमारतीसाठी जुन्या जागेतून हलवलं होतं, तिथला लोंढा कळव्याकडे वळल्याचं तेव्हा सगळेच बोलत होते, आणि सिव्हिल मात्र नक्कीच आरोग्य खात्याचं. पेशंट या खात्यातून त्या खात्यात सहज जातो, प्रश्न जात नाही.

मग विचारून उपयोगच नाही का? आहे. २०१९ चा जून, विधान परिषद. नीलम गोऱ्हे यांनी बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न लावून धरला. या बायकांच्या कहाण्या पेपरात येत होत्याच, पाळीत सुट्टी घेतली की मुकादम पैसे कापतो म्हणून तिशीतल्या बाया गर्भाशय काढून टाकतायत. तोवर सगळं "आरोप" या सदरात होतं. उत्तर द्यायला आरोग्यमंत्री म्हणून एकनाथ शिंदे उभे राहिले आणि आकडा आला, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ ऑपरेशनं. चौकशी समिती नेमली गेली. समितीने पुढे किती बदललं हा वेगळा एपिसोड होईल, पण एकदा आकडा मंत्र्याच्या तोंडून सभागृहाच्या रेकॉर्डवर गेला की मग तो कुणाला "हे खरे नाही" म्हणता येत नाही.

फरक कुठे पडला? एक जिल्हा, ठरावीक वर्षं, एकच ऑपरेशन, आणि किती. अशा प्रश्नातून सुटायला जागाच राहत नाही.

(मुंबई महापालिकेची इमारत, सीएसएमटीसमोर. रात्रीची रोषणाई.)

मुंबईकरांचं अजून एक दुखणं होतं. केईएम-सायनचे प्रश्न विचारायची खरी जागा पालिकेचं सभागृह, २२७ नगरसेवक, सार्वजनिक आरोग्य समिती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासक. एवढ्या मोठ्या शहराच्या हॉस्पिटलांबद्दल विचारायला सभागृहच नाही, मग आमदार विधानसभेत विचारणार आणि उत्तर नगरविकासकडून पालिकेला विचारून येणार, म्हणजे तोच प्रवास, फक्त आणखी एक जिना वर. २०२० च्या जानेवारीत वाडियाचं अनुदान रखडलं होतं तेव्हा तर नगरसेवक होते, तरी पालिका आणि राज्य दोघांना हायकोर्टात उभं राहावं लागलं.

तर तुमच्या आमदाराला पत्र लिहिणार असाल, आणि लिहाच, तर "आरोग्य व्यवस्था कोलमडली आहे" असं लिहू नका, त्यावर "हे खरे नाही" हे उत्तर तयारच असतं. आधी हॉस्पिटल कुठल्या खात्याचं ते शोधा आणि त्याच मंत्र्याचं नाव टाका. तारीख टाका. डॉक्टरांची मंजूर पदं किती, भरलेली किती, हे विचारा, आणि इथेच एक खोच आहे, भरलेल्यांपैकी प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठवलेले किती हेही विचारा, कारण पगार या हॉस्पिटलच्या पदावर आणि माणूस भलत्याच ऑफिसात, असं असलं तरी कागदावर ते पद भरलेलंच दिसतं. औषध होतं का एवढंच न विचारता त्या रात्री ड्युटीवर कोण होतं ते विचारा. आणि मंत्री "कार्यवाही करू" म्हणाले तर आश्वासन समिती नावाची समिती विधिमंडळात आहे, पुढच्या अधिवेशनाआधी आमदाराला विचारा, आपलं आश्वासन त्या यादीत गेलं का.