साउंड कार्ड बदलण्याआधी स्पीकर हलवून बघा

नमस्कार मंडळी. मागे हे दोन स्पीकर दिसतायत ना, ते मी मुद्दाम चुकीच्या जागी ठेवलेत. एक मॉनिटरच्या मागे अर्धा लपलाय, दुसरा थेट खोलीच्या कोपऱ्यात. गाणं लावतो, ऐका.

(दहा सेकंद गाणं)

खर्ज नुसता घुमतोय आणि गाणाऱ्याचे शब्द त्याखाली दबलेत. आता कॉम्प्युटरला हातही लावत नाही, फक्त स्पीकर उचलून इकडे आणतो.

(स्पीकर हलवतो. तेच गाणं पुन्हा)

तुम्ही हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर फरक कळणार नाही. हेडफोन लावा आणि थोडं मागे जाऊन परत ऐका, मी थांबतो.

काय केलं मी? स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे घेतले. दोघांमधलं अंतर जेवढं, तेवढंच प्रत्येकापासून माझ्या डोक्यापर्यंतचं. आणि बारीक आवाज काढणारा तो छोटा गोल, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीला आणला. खाली दोन जाड पुस्तकं घातली, झालं स्टँड.

आता यामागचं कारण. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० वेळा थरथरणाऱ्या खर्जाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. तिला मॉनिटर काय, टेबल काय, काहीच अडवत नाही. ती चौफेर पसरते, कोपऱ्यातल्या भिंतींवरून परत येते आणि मूळ आवाजात मिसळून तो फुगवते. १०,००० हर्ट्झची लाट मात्र साडेतीन सेंटीमीटरसुद्धा नसते. ती सरळ जाते, मध्ये मॉनिटर आला की तिथेच अडते. म्हणजे मघाशी खर्ज दुप्पट झाला होता आणि शब्दांना धार देणारा भाग मॉनिटरच्या पाठीवर आपटत होता. यात साउंड कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज तयार करणारा भाग, बिचारं काय करणार?

स्पीकर वेगळ्या ॲम्प्लिफायरला वायरने जोडलेले असतील तर आणखी एक बघा. नुसतं बोलणं असलेलं काहीतरी लावा. आवाज बरोबर मधून, मॉनिटरच्या जागेतून यायला हवा. तो विखुरल्यासारखा वाटला आणि खर्जही गायब असेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्यात. एका स्पीकरचा थरथरणारा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघं एकमेकांचा आवाज खातात.

आता माझी फजिती. स्पीकरमधून सतत 'घूंऽऽ' असा आवाज यायचा. मी साउंड कार्ड बदललं. घूं कायम. केबल बदलली. तरी कायम. एक दिवस लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घूं बंद! लॅपटॉप आणि स्पीकर दोन वेगळ्या सॉकेटांतून वीज घेत होते. दोघांच्या अर्थिंगमध्ये आणि ऑडिओ केबलमध्ये मिळून एक वेटोळं तयार झालं होतं, आणि त्यातून घरच्या विजेचीच गुणगुण स्पीकरमध्ये शिरत होती. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावले, काम झालं. तेवढ्याने भागलं नाही तर ऑप्टिकल केबल वापरा, दोन्हीकडे तशी सोय असेल तर. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो, त्यामुळे वेटोळंच तुटतं. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी देईल. तो अजिबात ऐकू नका, ती पिन जीव वाचवायला असते.

माउस हलवला की चिरचिर ऐकू येते? ते दुखणं वेगळं. कॅबिनेटच्या आतली विजेची गडबड आवाजात शिरतेय. पुढच्या जॅकची वायर त्या सगळ्या गर्दीतून जाते, म्हणून आधी मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा. तरीही राहिली, तरच बाहेरून यूएसबीला लावायचा डॅक घ्या. डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा डबा, इथे तो त्या गडबडीपासून लांब असतो एवढाच मुद्दा. १९२ किलोहर्ट्झ वगैरे आकडे बघून घेऊ नका. हा आकडा म्हणजे आवाजाची सेकंदाला किती हजार वेळा नोंद होते ते. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये माणसाच्या कानाला ऐकू येतं ते सगळं मावतं.

आवाज कमी-जास्त करायचा तो स्पीकरच्या बटणाने. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम वरच राहू द्या. तिथे २० आणि स्पीकरवर पूर्ण, असं केलंत तर केबलमधली खरखरही तेवढीच मोठी होऊन येते. विंडोजमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट नावाचं काही चालू असेल तर बंद करा. १२८ केबीपीएसची, म्हणजे आवाजाचा काही भाग गाळून लहान केलेली एमपीथ्री, फ्लॅक या काहीही न गाळणाऱ्या फाइल प्रकारात बदलून काही मिळत नाही, गेलेलं परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

शेवटी ब्लूटूथवाले. कॉल सुरू झाला की हेडफोनचा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो ना? हेडफोन बिघडलेला नाही. त्याचा माईक चालू झाला की बरेच हेडफोन फोनच्या मोडमध्ये जातात, तिथे स्टीरिओ नसतो. सेटिंगमध्ये माईक म्हणून लॅपटॉपचा निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा. पुढच्या कॉलला करून बघा आणि काय झालं ते खाली लिहा.